पाचांचा हुकूम

मथुरा जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते. लुगड्यासाठी तिनं घातलेला उभ्या धाग्यांचा शेवटचा ताणा अजून भिंतीच्या खुंटीला तसाच लोंबत होता.

सोलापुरात लष्करी कायदा लागून आठवडा उलटला होता. पांढरी टोपी घालून बाहेर पडायची सोय नव्हती. दवंडीवाला पेठेपेठेत सांगून गेला होता, की रस्त्यावर पाचांहून जास्त माणसं एके ठिकाणी दिसली तर धरून नेतील. लोक दार किलकिलं करून आधी गल्ली बघायचे आणि मग पाऊल टाकायचे. बुटांचा आवाज आला की माग थांबायचे. सगळ्या गल्लीतले धोटे एकदम गप्प झाले की अंगावर काटा यायचा.

आमचं विणकरांचं एक काम मात्र पाचांत होत नाही. ताणा मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते. पहाटे सगळा ताणा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या फुलीसारख्या कैच्यांवर ताणायचा. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली खळ हातानं धाग्यांवर चढवायची, आणि ती वाळायच्या आत वरून खालून कुंचा मारत न्यायचा. कुंचा थांबला की धागे एकमेकांना चिकटतात आणि ताणा वाया जातो. याला आम्ही पाजण म्हणतो. आमच्या पाजणीला सात माणसं लागतात.

माझा मोठा भाऊ कुंडलिक, ज्याला मी दादा म्हणतो, तो माझ्या बाप्तिस्म्यापासून बारा वर्षं माझ्या घरी पाणी प्यायला नव्हता. पाजणीला मात्र यायचा. मथुरेनं शिजवलेली खळ तो कोपरापर्यंत हातांना लावायचा. तिनं भाजलेली भाकरी कधी घेतली नाही. मथुरा हसून म्हणायची, "थोरल्या भावजींचं हात आपल्या घरचं, तोंड तेवढं त्यांच्या घरचं."

पाजणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे माझ्या ओट्यावर जमले. दादा नेहमीप्रमाणे पायरीखाली उभा.

"खळ परवाच आंबत घातलीय," मी म्हणालो. "उद्या लावली न्हाय तर नासंल."

"नासू दे," दादा म्हणाला. "पीठच हाय की. दुसरं आंबव पुढल्या महिन्यात."

"ताणा किती दिस ठेवू? उंदरं लागत्यात त्याला."

"आन् सोल्जर लागलं तर?"

आमची थोरली बहीण सोजराक्का दादाच्याच घरी राहायची. तिनं माझी बाजू घेतली. "कुंडलिका, तू न्हाय म्हटलं की मला कळतं, आता काम व्हनार. सात म्हंजी काय पलटन हाय का? दोन मानसं दाराआड ठेवू. रस्त्यावर पाचच."

"आक्का, तुला हुकूम कळतो का?"

"मला पाच कळत्यात. हाताला बोटं हायत माझ्या."

वच्छला, माझी मुलगी, हसली. मथुरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. दादा मात्र हसला नाही. त्यानं आपल्या बायकोकडं पाहिलं. बजावैनी नेहमी त्याच्या शब्दात असायची.

ती म्हणाली, "मी येनार. त्या बाईच्या हातचा ताणा हाय."

दादानं ओट्याला टेकवलेला कुंचा उचलून काखेत घेतला आणि निघून गेला. आम्हाला कळलं, की तोही येणार.

वैनी असं का म्हणाली, हे सांगायला हवं. चैत्रात आमच्या गल्लीत पटकीची साथ आली. पहिल्यांदा लागली ती बजावैनीला. दादा लुगडी विकायला बार्शीला गेला होता आणि आक्का त्याच्याबरोबर होती. शेजारच्या बायका दारं लावून बसल्या. मथुरा गेली. जिच्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं, तिनं तीन दिवस चमच्यानं पेज भरवली, घाण काढली, कपडे धुतले. चौथ्या दिवशी वैनी उठून बसली आणि मथुरा आडवी झाली. दुपारपर्यंत सगळं संपलं.

पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, प्रभूनं तिला आपल्याजवळ बोलावलं, तिनं त्याचंच काम केलं. मी मान हलवली. आतून मात्र मी देवाला विचारत होतो, की वैनीला नेऊन तुझं भागलं नसतं का? हे लिहायला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. मी ख्रिस्ती माणूस, आणि माझ्या भावाची बायको जगली याचा मला राग आला होता. दादावरही राग होता. मथुरेच्या मातीला तो आमच्या कबरस्तानाच्या भिंतीबाहेर लिंबाखाली उभा राहिला, आत आला नाही.

बाप्तिस्म्याच्या वर्षी मी त्याला मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो होतो, की प्रभू आपल्या जागी वधस्तंभावर मेला. तेव्हा दादा म्हणाला होता, "ताण्यातला धागा तुटला तर दुसरा सांधता येतो, रावजी. मानसाच्या जागी मानूस कसा सांधायचा?" त्या वेळी मी पुष्कळ बोललो होतो. चैत्रापासून तो प्रश्न मीच स्वतःला विचारत होतो.

*

तांबडं फुटायला आम्ही ताणा ताणला. खळ वच्छलेनं शिजवली होती. थोडी पातळ झाली होती, पण कुणी काही बोललं नाही. वरच्या टोकाला मी आणि दादा खळ चढवायला, खाली आक्का आणि बजावैनी कुंच्याला, वच्छला गल्लीच्या तोंडाशी शेवटची कैची धरून. समोरच्या घरातला मल्लप्पा आणि त्याची बायको निंगव्वा आपल्या दाराआड थांबले. फळीच्या फटीतून मल्लप्पाचा एक डोळा दिसत होता.

पुढचं मला वच्छलेनं नंतर सांगितलं, कारण मी खाली मान घालून काम करत होतो.

तिला सगळ्यांच्या आधी वारा लागला. वैशाखातला गरम वारा, सकाळीच सुटलेला. ओला ताणा हेलकावे खाऊ लागला. मधल्या कैचीजवळ माणूस नव्हता, तिथं धागे एकमेकांवर चढायला लागले. तिनं ओरडायचं ठरवलं, पण ओरडायला भीती वाटली. तिनं नुसता हात हलवला. तो हात मल्लप्पाच्या डोळ्यानं पाहिला.

"अय्यो, चिकटतंय की!" म्हणत तो दार उघडून धावला. मागून निंगव्वा कुंचा घेऊन आली. "मोदलं ताना धरा, मग हुकूम बघू," ती आपल्या कानडी वळणात म्हणाली.

आम्ही कुणीच त्यांना परत जा म्हणालो नाही. सातजण झाल्याबरोबर कामाला लय आली. कुंचे एका तालात पडू लागले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या ताण्यातला एकेक धागा मथुरेच्या बोटांतून गेला होता, आणि तो आता वाचणार होता. तेवढ्या वेळापुरता मी भ्यायचं विसरलो.

वच्छलेनं बूट ऐकले तेव्हा ते वळणावरच होते.

चार गोरे सोल्जर आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडचा एक जमादार. बंदुका खांद्यावर नव्हत्या, हातात होत्या. सोल्जर ताण्याकडं बघतच राहिले. गल्लीभर पसरलेलं हे ओलं, पांढरं काय आहे, हे त्यांना कळेना. एकानं बंदुकीच्या टोकानं धागे दाबून बघितले. ते तिथं तुटले.

जमादारानं बोटानं माणसं मोजली. "सात. दवंडी ऐकली न्हाय का?"

आक्का म्हणाली, "बाबा, जमाव न्हवं ह्यो, पाजण हाय. तू ह्या गावचाच दिसतोस की."

"म्हातारे, मला पाजण कळती, ह्यास्नी न्हाय कळत." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा. ज्यानं मानसं गोळा केली त्याला न्यायचा हुकूम हाय. एकजण पुढं या. न्हाईतर समद्यास्नी चला म्हनतील, बायास्नीबी."

ताणा माझा होता. घर माझं. खळ मी आंबवली, हट्ट मी धरला. गल्लीच्या तोंडाशी वच्छला कैची घट्ट धरून माझ्याकडं बघत होती. एक शब्द बोलायचा होता. दर रविवारी मी उपासनेला उभा राहून गायचो, की प्रभू मी तुझ्यामागं येतो. आता एक पाऊल टाकायचं होतं. पलटणीच्या तंबूत काय करतात, याच्या गोष्टी आठवडाभर गल्लीत फिरत होत्या. त्या सगळ्या एकदम आठवल्या.

"ताना माझा हाय," दादा म्हणाला.

त्याचा डावा पंजा ताण्याखाली होता, धागे वर उचलून धरलेला. तो त्यानं काढला नव्हता.

जमादार म्हणाला, "दार कुनाचं हे?"

"भावाचं. ह्याच्या दारापुढं गल्ली सरळ हाय, म्हनून हितं ताणला. ह्यास्नी म्याच बोलावलं."

जमादारानं माझ्याकडं वळून विचारलं, "काय रं, खरं हाय? ह्याचाच ताना?"

मी मान हलवली.

पाळकसाहेबांपुढं हलवली होती, तशीच.

बजावैनीनं ते पाहिलं. कुंचा मारत ती माझ्यापासून दोन हातांवर आली होती. पुष्कळ दिवसांनी तिनं मला सांगितलं, "तुमी मान हलवली तवा माझ्या तोंडात शब्द आला होता, भावजी, की खोटं हाय. म्या वच्छीकडं बगितलं. तुमाला नेलं असतं तर तिला आय न्हाय आन् बाप न्हाय. म्या शब्द गिळला. मथुराबाईनं मला पेज भरवली तवा ती मला लई ग्वाड लागली होती. त्या पेजंची किंमत मला त्या दिवशी कळली."

दादानं पंजा काढला. हात धुवायला त्यानं पाणी मागितलं नाही. जाताना वळून म्हणाला, "अरं बगताय काय? कुंचा मारा. वाळतंय."

निंगव्वा भेदरून घरात पळाली. उरलो आम्ही पाच. आता आम्ही हुकुमात बसत होतो.

वैनीनं कुंचा उचलला आणि आम्ही सगळ्यांनी उचलला. मी शेवटपर्यंत काम केलं. हात थांबले असते तर पाय उचलावे लागले असते, म्हणून मी हात थांबू दिले नाहीत. ताणा वाळला, गुंडाळला, घरात नेला. दादा जिथं उभा होता तिथं खळ वाळून धागे चिकटले होते. पाच बोटं स्पष्ट दिसत होती.

वच्छलेनं भाकरी पुढं ठेवली. मला बरब्बा आठवला. प्रभूच्या जागी ज्याला सोडून दिलं, तो दरोडेखोर. त्याच्याबद्दल मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी दुपारी तो घरी गेला असेल. कुणीतरी त्याच्यापुढं ताट ठेवलं असेल. जेवला असेल का तो?

मी उठलो.

"बाबा, कुटं?" वच्छला म्हणाली.

"दादाला आनतो."

"तुमाला ठेवून घेतलं तर?"

"आत्याजवळ ऱ्हा."

*

नवी पेठ ओळखू येत नव्हती. कापडाच्या दुकानांना फळ्या लागलेल्या, रस्त्यावर एक कुत्रं. भर उन्हात माझ्या पावलांचा मलाच आवाज येत होता. दोनदा मी परत फिरलो. एकदा तर पार कोपऱ्यापर्यंत आलो आणि तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. प्रार्थना करायला गेलो तर शब्द येईनात. एवढंच म्हणालो, की मथुरेला भीती वाटली नव्हती का? तिला उंबरा ओलांडताना माहीत होतं, आत काय आहे ते. मग उठलो.

कचेरीच्या आवारात तंबू होते. टेबलाशी एक गोरा साहेब, शेजारी आपला कारकून. झाडाखाली दहा-बारा माणसं उकिडवी बसवलेली, त्यांत दादा. त्याच्या हातांवरची खळ वाळून तिला भेगा पडल्या होत्या. माझ्याही.

मी टेबलासमोर जाऊन म्हणालो, "साहेब, तो ताना माझा हाय. मानसं म्या बोलावली. माझ्या भावाला सोडा, मला घ्या."

कारकुनानं मला ते पुन्हा बोलायला लावलं. मी पुन्हा बोललो. त्यानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं दादाला उभं केलं. हे खरं का, असं विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"ह्याचं काय ऐकता? ह्यो ख्रिस्ती झालाय. दुसऱ्याच्या जागी आपुन मरायचं, हेच शिकिवत्यात त्यास्नी. मलाबी शिकवायला आला होता मागं. त्यात बायको मेली ह्याची, चाळीस दिस झालं. डोकं ठिकानावर न्हाय."

"दादा!" मी ओरडलो. "खरं सांग! साहेब, खरं बोलतोय मी!"

कारकून हसला. त्यानं ते सगळं साहेबाला सांगितलं. साहेब हसला नाही. तो उठून माझ्याजवळ आला. तरुण होता, मानेवर उन्हानं कातडी सोललेली. माझ्याकडं त्यानं फार मायेनं पाहिलं आणि काहीतरी बोलला.

कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, तू चांगला ख्रिस्ती आहेस. तुझ्यासारखी माणसं पाहिली की त्यांना बरं वाटतं. घरी जा."

चाबूक मारला असता तर मी उभा राहिलो असतो. ते शब्द ऐकून मी खाली बसलो. सकाळी मी खोटं बोललो ते सगळ्यांना पटलं होतं. आता खरं बोलत होतो, आणि ते देवभक्ताचं खोटं म्हणून माझ्याच धर्माच्या माणसानं कौतुकानं बाजूला ठेवलं.

शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. झाडाजवळून जाताना दादा हळूच म्हणाला, "धागं किती तुटलं?"

"नऊ-दहा."

"सांधून घे. वच्छीला सांग, खळ पातळ होती."

*

दादाला सहा महिने सक्तमजुरी झाली. पुण्याकडं नेलं, एवढंच कळलं.

मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, मान हलवली तेही. त्यांनी लगेच बायबलातलं वचन काढून दाखवलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दुःख का येतं, हे मला अजून कळलेलं नाही. निरपराध माणूस शिक्षा भोगतो आणि अपराधी घरी भाकरी खातो, हे मी बारा वर्षं न्याय म्हणून नव्हे तर प्रेम म्हणून ऐकत आलो होतो. ज्याच्या वाट्याला ती भाकरी येते त्याला ती किती कडू लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ताणा मागावर चढवला. आषाढ गेला, श्रावण लागला. विणत विणत दादाच्या पंज्याची जागा मागाच्या फणीजवळ आली. तिथं मी थांबलो. तीन दिवस माग बंद होता.

चौथ्या दिवशी बजावैनी आली. न विचारता मागापुढं बसली आणि ओल्या फडक्यानं चिकटलेले धागे एकेक सोडवू लागली.

"वैनी, राहू दे. दादा आल्यावर बगू."

"तुमी थांबला म्हनून ते लवकर येनार हायत व्हय?"

"तो येईल ना?" हे विचारायला मी दोन महिने भीत होतो.

"मला काय म्हाईत, भावजी? सडकंवर खडी फोडायला लावत्यात म्हनं. त्यांची छाती अशी, जरा राबलं की धाप लागती." थोड्या वेळानं म्हणाली, "मथुराबाईच्या मातीला ते आत आलं न्हाईत, त्याचा राग हाय न्हवं तुमाला?"

मी सुटलेला एक धागा बोटानं सारखा केला.

"घरी येऊन मला म्हनलं, 'बजे, तू मेली असतीस तर रडलो असतो. तू जिती हायेस आन् ती मेली. रावज्याच्या तोंडाकडं कसा बगू?' म्हनून भाईर उभं ऱ्हायलं."

तिनं अंगठ्याची जागा मोकळी केली. वच्छलेनं चहा आणला. वैनीनं धाग्यांवरून डोळे न काढता कप घेतला आणि प्यायली.

तेवढ्यात गल्लीत बूट वाजले.

लष्करी कायदा केव्हाच उठला होता. तरीही समोर मल्लप्पाचा धोटा थांबला, शेजारचा थांबला, सगळी गल्ली गप्प झाली. वैनीचा हात ताण्यावर थिजला. बूट जवळ येत आमच्या दारापाशी थांबले. तंबूतल्या त्या गोष्टी पुन्हा एकदम आठवल्या. त्या आठवत असतानाच मी उठलो, उंबरा ओलांडला आणि दारातल्या माणसानं तोंड उघडण्याआधी म्हणालो, "माग माझा हाय. ताना माझा हाय. मी रावजी."

बाहेर एक म्हातारा शिपाई उभा होता. डोक्याचं पागोटं काढून घाम पुसत होता. तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "आन् पानी कुनाचं हाय? घोटभर मिळंल का?"

मी आत जाऊन तांब्या भरला. दारापर्यंत येईतो निम्मं पाणी सांडलं.

"कोन हाय, भावजी?" वैनीनं मागाआडून विचारलं.

"कुनी न्हाय," मी म्हणालो. "तहानलेला मानूस हाय."